भोवळ, नाडी आणि ईसीजी : बेशुद्ध पडलेल्या माणसाकडे आपत्कालीन विभाग कसा पाहतो

‘बेशुद्ध पडले होते’ असे सांगून आपत्कालीन विभागात आणलेला रुग्ण पुष्कळदा स्वतःच्या पायांनी चालत आत येतो. ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हे नेहमी पाहायला मिळते. रुग्ण नाव-गाव नीट सांगतो, बीपी आणि शुगर ठीक येते, आणि सोबतचे घरचे लोक मात्र हादरलेले असतात, कारण त्यांनी त्या माणसाला दहा-वीस सेकंद निपचित पडलेले पाहिलेले असते. जी घटना तपासायची, ती डॉक्टरांसमोर घडलेली नसते. अर्ध्या-पाऊण तासापूर्वी, एखाद्या मिनिटात ती घडून संपलेली असते. ताप मोजता येतो, मोडलेल्या हाडाचा एक्स-रे काढता येतो, पण येऊन गेलेली भोवळ कोणत्याही यंत्रापुढे पुन्हा उभी करता येत नाही. त्यामुळे या तक्रारीचे निदान मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : पडण्याच्या आधी, पडताना आणि नंतर काय काय घडले याची हकीकत, आणि एक साधा ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेची कागदावरची नोंद. यांपैकी हकीकत डॉक्टरांकडे नसून घरच्यांकडे, सहप्रवाशांकडे किंवा कामावरच्या सोबत्याकडे असते, आणि ज्याने प्रत्यक्ष पाहिले तोच माणूस बहुतेक वेळा रुग्णालयात आलेला नसतो.

शुद्ध का हरपते, हे आधी समजून घेऊ. मेंदूला प्राणवायू साठवून ठेवता येत नाही. त्याला रक्ताचा अखंड पुरवठा लागतो. हा पुरवठा थांबला तर साधारण सहा ते आठ सेकंदांत शुद्ध जाते. शुद्ध गेली की स्नायूंतला जोर जातो, माणूस कोसळतो, आणि आडवा झाल्यामुळे हृदय व मेंदू एका पातळीवर येऊन रक्त पुन्हा डोक्याकडे पोहोचू लागते. म्हणूनच भोवळीची चार लक्षणे सांगितली जातात : ती झपाट्याने येते, थोडाच वेळ टिकते, आपोआप जाते आणि गेल्यावर माणूस पूर्ववत होतो. यांतले एखादे लक्षण जुळत नसेल, तर विचार दुसऱ्या दिशेने करावा लागतो. शुद्ध आली पण एका बाजूचा हात उचलत नाही किंवा जीभ जड झाली, तर पक्षाघाताची शंका घ्यायला हवी. मधुमेही माणसाची शुगर फार उतरली असेल, तर साखर पोटात किंवा शिरेत जाईपर्यंत तो बहुधा ग्लानीतच राहतो.

उन्हाळ्यात हा फरक जीवन-मरणाचा ठरतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. एवढे होऊनही उन्हात कोणी पडले की ‘चक्कर आली असेल’ म्हणत त्याला कोपऱ्यात बसवून ठेवण्याची सवय आपल्याकडे गेलेली नाही, याचे वाईट वाटते. उन्हात नुसती भोवळ आलेला माणूस सावलीत आडवा केल्यावर मिनिटाभरात बोलू लागतो. जो बोलत नाही किंवा असंबद्ध बडबडतो आणि ज्याचे अंग हाताला चटका बसावा इतके तापले आहे, त्याला उष्माघात झाला आहे असे धरून, अंगावर पाणी ओतत आणि वारा घालत, तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

आता भोवळीच्या कारणांकडे वळू. हृदय दर मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत, या दोन गोष्टींवर रक्तदाब टिकून असतो. दोहोंपैकी एक जरी एकाएकी ढासळली तरी मेंदूचा पुरवठा तुटतो. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार प्रतिक्षिप्त भोवळीचा आहे. खूप वेळ उभे राहणे, उकाडा, वेदना, रक्त पाहणे, सुई टोचणे अशा निमित्ताने मज्जासंस्थेची एक उलटी प्रतिक्रिया होते : मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस हृदयाची गती उतरवते आणि त्याच वेळी पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्त खाली साठते. रात्री झोपेतून उठून लघवीला गेलेला मनुष्य तिथेच पडतो, किंवा खोकल्याची मोठी उबळ येऊन एखाद्याची शुद्ध जाते, तेही याच गटातले. या भोवळीची ओळख अशी की ती सांगून येते. आधी मळमळते, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत आवाज दुरून आल्यासारखे वाटतात, हातपाय गळून जातात, आणि मग माणूस खाली बसतो किंवा पडतो.

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये सकाळच्या गर्दीत हे घडते, तेव्हा एक वेगळीच अडचण उभी राहते. रिकाम्या पोटी निघालेली एखादी विद्यार्थिनी दारापासून आत ढकलली गेलेली असते, तिला भोवळ येते, पण पडायलाच जागा नसते. आजूबाजूच्या बायका मायेने तिच्या काखेत हात घालून तिला उभी धरतात. मेंदूला रक्त मिळावे म्हणून शरीराने आडवे होणे हाच उपाय योजलेला असतो, आणि इथे नेमका तोच होऊ दिला जात नाही. भोवळ लांबते, हातापायांना झटके येऊ लागतात आणि डब्यात ‘फिट आली, फिट आली’ असा गलका होतो. अशा वेळी चार जणींनी सरकून तिला डब्याच्या फरशीवर आडवे करणे आणि पाय बाकावर टेकवणे, यापेक्षा मोठी मदत दुसरी नाही.

दुसरा गट उठून उभे राहिल्यावर रक्तदाब उतरण्याचा आहे. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचे बीपी २० किंवा खालचे १० पाऱ्याने घसरले, तर ते असामान्य मानले जाते. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेले असते, कडक उपवास असतो, जुन्या मधुमेहाने नसा दुखावलेल्या असतात, किंवा गोळ्यांचा परिणाम असतो. बीपीच्या दोन गोळ्या, लघवी वाढवणारी एक आणि प्रोस्टेटसाठी रात्री घ्यायची एक, अशी मात्रा चालू असलेले साठीच्या पुढचे गृहस्थ आपल्या प्रत्येक सोसायटीत सापडतील. नवरात्रात किंवा एकादशीला पोटात काही नसताना या सगळ्या गोळ्या नेहमीप्रमाणे घेतल्या जातात आणि दुपारी देवघरातून उठताना तोल जातो. यासाठीची तपासणी अगदी साधी आहे : पाच मिनिटे आडवे ठेवून बीपी घ्यायचे, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्यायचे. गर्दीच्या कॅज्युअल्टीत हीच तपासणी राहून जाते. ती झाली का, हे नातेवाइकांनी खुशाल विचारावे.

मात्र बीपी उतरले म्हणून सलाइन लावून घरी पाठवणेही घातक ठरू शकते, कारण आत कुठेतरी रक्तस्राव चालू असेल तर पहिली खूण भोवळीचीच असते. शौच काळी कुळकुळीत होत असेल, तर पोटातल्या अल्सरमधून रक्त जात असावे. पाळी चुकलेल्या स्त्रीला ओटीपोटात दुखून भोवळ आली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटली आहे का, हे तातडीने पाहावे लागते. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या भोवळ आलेल्या प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी केली जाते, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काहीही नाही. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ, धाप लागणे, एक पोटरी सुजणे, आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काही भोवळीसोबत असेल तर महाधमनी फाटणे, फुप्फुसातली गुठळी किंवा मेंदूभोवतीचा रक्तस्राव यांचा शोध त्याच वेळी सुरू होतो.

तिसरा गट हृदयाचा, आणि आपत्कालीन विभागाची सगळी धडपड तो निसटू नये यासाठी असते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासाचे भोवळीविषयीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रतिक्षिप्त भोवळ येणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका इतरांपेक्षा वाढलेला नव्हता. हृदयामुळे भोवळ आलेल्यांचा धोका मात्र कधीच भोवळ न आलेल्यांच्या सुमारे दुप्पट होता. बाहेरून दोघांचे पडणे सारखेच दिसते, पण एकाला पाणी आणि विश्रांती पुरते, तर दुसऱ्याची पुढची भोवळ शेवटची ठरू शकते.

हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म लहरींवर चालतात. उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका गाठीत, म्हणजे एसए नोडमध्ये, मिनिटाला ६० ते १०० वेळा लहर उठते, ती वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थबकते आणि मग दोन फांद्यांतून खालच्या कप्प्यांत उतरते. खालचे कप्पे आकुंचन पावले की रक्त शरीरभर जाते. वरून लहर आलीच नाही, तर खालच्या कप्प्यांना स्वतःची लहर निर्माण करता येते, पण ती मिनिटाला जेमतेम २० ते ४० इतकी मंद आणि बेभरवशाची असते. या वाटेवर दोन तऱ्हांचे बिघाड होतात : लहर अडते आणि हृदय फार हळू चालते, किंवा भलतीकडूनच लहरी उठू लागतात आणि हृदय इतके वेगाने धावते की कप्पे भरायलाच वेळ मिळत नाही. दोन्हींचा परिणाम एकच, पुढे जाणारे रक्त कमी पडते. (हृदयाची झडप अरुंद होणे किंवा स्नायू जाड होऊन वाट अडणे, ही कारणे विजेची नसली तरी भोवळ आणतात, विशेषतः श्रम करताना.)

मंद गतीचे उदाहरण जवळून पाहू. समजा कोपरखैरण्यातले बहात्तर वर्षांचे आजोबा सोफ्यावर बसून टीव्हीवरच्या बातम्या पाहत आहेत. बोलता बोलता त्यांचे वाक्य अर्धवट तुटते, मान एका बाजूला पडते, चेहरा पांढराफटक होतो. सूनबाई धावत येऊन त्यांना आडवे करते, तोवर ते डोळे उघडतात, चेहऱ्यावर एकदम लाली येते आणि ते विचारतात, ‘काय झालं? एवढी का घाबरलीस?’ ते बसलेले होते, घाम-मळमळ काही नव्हते, पूर्वसूचना नव्हती; या तीन गोष्टी ऐकूनच डॉक्टर सावध होतात. पांढरे पडून पुन्हा लाल होणारी ही भोवळ डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये वर्णन केली, आणि आजही ती त्या दोघांच्या नावाने ओळखली जाते.

आजोबांचा ईसीजी काढला जातो. ईसीजीच्या कागदावर बारीक चौकोन छापलेले असतात. लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन ठोक्यांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या आकड्याने भागले की मिनिटाची गती मिळते. आजोबांच्या कागदावर वरच्या कप्प्यांचे छोटे उंचवटे दर चार चौकोनांनी, म्हणजे मिनिटाला ७५ या गतीने, बिनचूक पडत आहेत. खालच्या कप्प्यांचे मोठे उभे टोक मात्र दर आठ चौकोनांनी येते, म्हणजे गती ३७-३८ च्या आसपास, आणि ते नेहमीपेक्षा रुंद, तीन लहान चौकोनांहून अधिक पसरलेले आहे. छोटा उंचवटा कधी मोठ्या टोकाच्या आधी, कधी त्याच्या पोटात, तर कधी मागे दिसतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही. वरची लहर खाली पोहोचतच नाही. याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. आपल्याकडे हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी साठण्यालाही ‘ब्लॉकेज’ म्हणतात, पण तो आजार वेगळा, आणि इथे अँजिओप्लास्टीने काम होत नाही.

असा ईसीजी दिसला की आजोबांना मॉनिटरवर घेतात आणि छातीवर पॅड चिकटवून ठेवतात, म्हणजे गती आणखी घसरली तर बाहेरून विजेचे हलके धक्के देऊन ठोके चालवता येतील. अ‍ॅट्रोपिनचे गती वाढवणारे इंजेक्शन दिले जाते, पण अशा खालच्या पातळीवरच्या अडथळ्यात ते पुष्कळदा लागू पडत नाही. दरम्यान, दूर करता येण्याजोगे कारण शोधायचे असते. मेटोप्रोलोलसारख्या गती उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? मूत्रपिंडाचा आजार असताना पोटॅशियम वाढले आहे का? हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका आला आहे का? लहान मूल असेल तर अंगणातल्या पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या, बिया पोटात गेल्या नाहीत ना? त्या विषाने हृदयाची लय बिघडते आणि जीव जाऊ शकतो. यांतले काहीच नसेल तर कायमचा पेसमेकर, म्हणजे विजेच्या हलक्या लहरी देऊन हृदय चालवणारे छोटे यंत्र, बसवावा लागतो. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमधल्या आर्ने लार्सन यांना मिळाला; त्यांनी पुढे अनेक यंत्रे बदलली आणि २००१ पर्यंत जगले. ‘मशीन बसवले म्हणजे आता काय राहिले’ असे म्हणणाऱ्या आपल्या घरांतल्या मंडळींना हे आवर्जून सांगावेसे वाटते.

वेगवान लयींमध्ये सगळ्यांत धोक्याची ती खालच्या कप्प्यांतून उठणारी, जिला डॉक्टर व्हीटी म्हणतात. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या हृदयात मेलेल्या स्नायूचा व्रण राहतो आणि त्याच्याभोवती वीज गोल फिरू लागते. ईसीजीवर रुंद, भराभर येणारे टोक दिसतात. अशा रुग्णात रुंद आणि वेगवान लय दिसली तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती व्हीटीच मानायची, हा आपत्कालीन वैद्यकाचा कडक नियम आहे, कारण तिला साधी लय समजून दिलेले चुकीचे इंजेक्शन रक्तदाब पार कोसळवू शकते. बीपी उतरले असेल किंवा शुद्ध जात असेल, तर वेळ न दवडता लयीशी जुळवून शॉक दिला जातो. हीच लय बिघडून हृदय नुसते थरथरू लागले की नाडी लागत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात वीज उतरून धक्का बसलेल्या माणसाचे हृदयही असेच थरथरत थांबते.

वरच्या भागातून उठणारी एसव्हीटी त्या मानाने सौम्य. तीत नाडी बहुधा १५० ते २५० पर्यंत एकदम उसळते, मानेत ठोके जाणवतात, आणि ती आली तशी एकाएकी जाते. तिला थांबवण्याची एक सोपी युक्ती आहे. अर्धवट बसलेल्या रुग्णाला १० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये १५ सेकंद जोरात फुंकायला सांगायचे, लगेच त्याला सपाट आडवे करून पाय १५ सेकंद वर धरायचे. इंग्लंडमधल्या २०१५ च्या चाचणीत पाय न उचलता नुसते फुंकण्याच्या जुन्या पद्धतीने १७ टक्के, तर पाय उचलण्याच्या या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली. हे रुग्णालयात, मॉनिटर लावूनच करायचे असते.

तरुणांमधली भोवळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असते, आणि त्याच विश्वासापायी काही जीव हातचे जातात. काही घराण्यांत ईसीजीवरचे क्यूटी नावाचे अंतर, म्हणजे खालच्या कप्प्यांना एका ठोक्यानंतर पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, जन्मतः लांब असते. अशा मुलाला पोहताना, किंवा अचानक मोठा आवाज कानी पडल्यावर, भोवळ येऊ शकते. काहींच्या हृदयाचा स्नायू जाड असतो. त्यामुळे धावता धावता मैदानावर कोसळलेला मुलगा आणि धाव संपवून उभा राहिल्यावर भोवळ आलेला मुलगा, यांत डॉक्टर मोठा फरक करतात. पहिल्याची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय त्याला पुन्हा खेळू देत नाहीत. ‘आमचा काका पस्तिशीत झोपेतच गेला’ हे वाक्य घरच्यांना भोवळीशी संबंध नसलेले वाटते. डॉक्टरांना ते ऐकायचेच असते. क्यूटीचे अंतर औषधांनीही लांबते. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सासिन, फ्लुकोनॅझोल, उलटीवरचे ऑनडानसेट्रॉन, डॉमपेरिडोन आणि काही मानसोपचाराच्या गोळ्या या यादीत आहेत. एकेकटी गोळी बहुतेकांना सोसते. परंतु जुलाबाने पोटॅशियम उतरलेल्या वृद्ध माणसाने दुकानातून आणून यांतल्या दोन-तीन एकत्र घेतल्या, तर धोका खरोखर वाढतो. रुग्णालयात जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, ती यासाठी.

आता हकीकतीकडे. डॉक्टर विचारतील ते प्रश्न आधीच ठाऊक असले तर उत्तरे गोळा करता येतात. रुग्ण उभा होता, बसला होता की झोपला होता? श्रम चालू होते का? आधी घाम-मळमळ झाली, की छातीत धडधडले, की काहीच कळले नाही? पडताना हात पुढे आला, की तो तोंडावर आपटला? (पूर्वसूचना मिळालेला माणूस स्वतःला सावरतो, चेहऱ्याला जबर मार लागला असेल तर ती मिळालीच नव्हती, असा अंदाज निघतो.) चेहऱ्याचा रंग कसा होता, श्वास कसा चालला होता, किती वेळ लागला, उठल्यावर ओळखले का? यांतली निम्मी उत्तरे रुग्णाला देताच येत नाहीत. म्हणून ज्याने पाहिले त्याला सोबत घ्यावे, निदान त्याचा मोबाइल नंबर तरी घ्यावा. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीत घटना आली असेल, तर ते चित्रण फोनवर घेऊन आणावे. वीस सेकंदांचे ते दृश्य कित्येकदा महागड्या तपासण्यांपेक्षा अधिक सांगते.

फिट की भोवळ, हा वाद त्यातूनच सुटतो. मेंदूचे रक्त तुटले की भोवळीतही हातपाय थोडे झटकतात आणि डोळे उघडे राहून वर फिरतात. एवढ्यावरून मिरगी ठरत नाही. भोवळीत आधी माणूस पडतो आणि मग काही सेकंद अनियमित झटके येतात. फिटमध्ये अंग ताठ होते, दातखीळ बसते, झटके मिनिटभर किंवा अधिक एका तालात चालतात, जिभेची कड चावली जाते आणि नंतर बराच वेळ माणूस भांबावलेला राहतो. लघवी होणे मात्र दोन्हींत घडू शकते. हृदयाच्या लयीमुळे येणाऱ्या भोवळीला मिरगी समजून वर्षानुवर्षे फिटच्या गोळ्या चालू राहिलेले रुग्ण असतात, त्यामुळे गोळ्या घेऊनही ‘फिट’ थांबत नसेल तर हृदयाची तपासणी करून घ्यावी.

ईसीजी ठीक आला म्हणजे हृदय निर्दोष, असे मात्र समजू नये. तो कागद साधारण दहा सेकंदांची नोंद असतो, आणि भोवळ त्याआधीच येऊन गेलेली असते. त्या नोंदीतही मागच्या बिघाडाच्या खुणा राहू शकतात, उदाहरणार्थ एखादी फांदी बंद असणे, जुन्या झटक्याच्या खुणा, क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या पुढे असणे. खुणा नसतील पण हकीकत संशयास्पद असेल, तर मॉनिटरवर ठेवणे, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), २४ ते ४८ तासांचे होल्टर (अंगावर बाळगायचे, सतत ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र) असे पुढे जावे लागते. महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच भोवळ येत असेल तर होल्टरमध्ये ती सापडणे कठीण. त्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवायचा, तीन वर्षांपर्यंत लय नोंदवणारा लूप रेकॉर्डर मिळतो.

याउलट डोक्याचा सीटी स्कॅन, ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) यांतून साध्या भोवळीचे कारण क्वचितच निघते. डोक्याला मार लागला असेल, रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असेल किंवा पक्षाघाताची लक्षणे असतील तर सीटी हवाच. एरवी ‘स्कॅन नॉर्मल आला, काळजी मिटली’ हा दिलासा खोटा ठरण्याची भीती असते, कारण मेंदू नॉर्मलच होता, प्रश्न त्याला रक्त का मिळाले नाही हा होता. या बाबतीत नातेवाइकांचा आग्रह आणि डॉक्टरांचे नमते घेणे, दोन्हींमुळे पैसा आणि वेळ भलतीकडे जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाखल करायचे की घरी सोडायचे, हे ठरवण्यासाठी २००४ चा सॅन फ्रान्सिस्को नियम किंवा २०१६ ची कॅनडातली गुणपद्धती यांचा आधार घेतला जातो. बीपी ९० च्या खाली, धाप, हृदय कमजोर असल्याचा इतिहास, रक्त फार कमी, ईसीजीत दोष, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे प्रथिन) वाढलेले, अशा गोष्टी त्यांत मोजल्या जातात. तरुण माणूस, ठळक पूर्वसूचना, निर्दोष ईसीजी असेल तर तो त्याच दिवशी घरी जातो. मधल्या, नीट न उलगडलेल्या रुग्णांना काही तास मॉनिटरखाली ठेवतात. ‘आता बरे वाटते, कशाला थांबायचे’ म्हणून सही करून निघून जाण्याचा मोह इथेच होतो, आणि बरे वाटणे हा भोवळीचा स्वभावच असल्याने त्यावर निर्णय सोपवता येत नाही.

प्रत्यक्ष समोर कोणी कोसळले तर प्रथम त्याला हाक मारून खांदे हलवावेत आणि श्वास पाहावा. श्वास नीट चालू असेल तर सपाट आडवे ठेवावे, पाय फूटभर वर धरावेत, कपडे सैल करावेत. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर किंवा चमचा, काहीही घालू नये. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावे. खुर्चीत बसवून किंवा रिक्षात उभा-आडवा कोंबून नेऊ नये. श्वास नसेल, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा घेत असेल, तर ते हृदय थांबल्याचे लक्षण आहे. एकाने महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून, निदान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायला सुरुवात करावी. जवळ शॉक देणारे एईडी यंत्र असेल तर ते मागवून त्यातल्या सूचनांप्रमाणे लावावे, आणि मदत येईपर्यंत दाबणे थांबवू नये.

घरी सोडलेल्या प्रतिक्षिप्त भोवळीच्या रुग्णाला उपाय सोपे सांगितले जातात. पाणी भरपूर प्यावे, रिकाम्या पोटी गर्दीत उभे राहू नये, अंधारी येऊ लागताच खाली बसावे किंवा आडवे व्हावे. ते शक्य नसेल तर पाय एकमेकांवर आवळून मांड्या घट्ट कराव्यात आणि मुठी वळून हात ताणावेत. त्याने रक्तदाब काही क्षण सावरतो. ज्यांच्या भोवळीचे कारण अजून उलगडलेले नाही, त्यांनी ते कळेपर्यंत रिक्षा, बस किंवा दुचाकी चालवू नये, परांचीवर चढू नये, एमआयडीसीतल्या चालत्या यंत्रावर किंवा क्रेनवर एकट्याने काम करू नये. रोजंदारीवरच्या माणसाला हे फार जड जाते, म्हणून डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी लिहून घ्यावी, मालकाला ती दाखवून जमिनीवरचे काम मागावे आणि होल्टरची तारीख त्याच आठवड्यातली घ्यावी.